लष्करच्या भाकऱ्या? छे, आपल्याच घरच्या!

पुण्याची मेट्रो, डोंबिवलीचे खड्डे, मुंबईची लोकल... मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात जेवणाची पंगत बसली की या विषयांवर प्रत्येकाचं ठाम मत ऐकायला मिळतं. पण आपण राहतो त्या इंग्लंडमधल्या भागातली लायब्ररी का बंद झाली, हाय स्ट्रीटवरची दुकानं कोण विकत घेतंय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "कौन्सिल बघून घेईल हो. आपण कशाला लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या?"

वाचकहो, या उत्तराशी माझं भांडण आहे.

मागे पडलेल्या वस्त्या सुधारायच्या तर सरकार, खासगी कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था यांनी एका टेबलाभोवती बसावं, ही कल्पना इथे जुनी आहे. १९९८ मध्ये ब्लेअर सरकारने 'न्यू डील फॉर कम्युनिटीज' ही योजना आणली. ३९ वस्त्या, दहा वर्षं आणि प्रत्येक वस्तीला साधारण ५ कोटी पौंड! २००१ मध्ये सर्वांत गरीब अशा ८८ कौन्सिलच्या हद्दीत स्थानिक भागीदाऱ्या उभ्या करायचं ठरलं. पैसा अगदीच पाण्यात गेला असंही नाही. न्यू डीलच्या मूल्यमापनात ३६ पैकी ३२ निकषांवर सुधारणा दिसली. २०१० नंतरच्या काटकसरीत मात्र हा झरा आटला.

पण खरा प्रश्न पैशाचा नाही. टेबलाभोवती तिघे बसतात, पण निर्णय कोण घेतो, हा आहे.

लंडनच्या साउथवर्कमधली एल्सबरी इस्टेट घ्या. १९९७ मध्ये पंतप्रधान झाल्यावर ब्लेअर यांनी सुरुवातीचं एक भाषण तिथेच केलं, आणि पुढे ती न्यू डीलची वस्ती झाली. घरं कौन्सिलकडून हाउसिंग असोसिएशनकडे द्यायची का, यावर २००१ मध्ये भाडेकरूंचं मतदान झालं. ७३ टक्के लोक 'नाही' म्हणाले. २००५ मध्ये कौन्सिलने इस्टेट पाडून पुन्हा बांधायचं ठरवलं! इमारती जुन्या होत्या, दुरुस्ती महाग होती, हे सगळं मान्य. पण लोकांना विचारायचं, आणि मग काही वर्षांनी वेगळ्याच वाटेने जायचं, याला भागीदारी म्हणत नाहीत.

आता दुसरं उदाहरण. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आपण साउथ बँकला फिरवतो आणि ऑक्सो टॉवरपुढे त्यांचे फोटो काढतो. त्या जागेवर बिल्डरला प्रचंड ऑफिसं उभारायची होती. स्थानिक रहिवासी कित्येक वर्षं भांडले. १९८४ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने ती १३ एकर जमीन रहिवाशांनी काढलेल्या 'कॉइन स्ट्रीट कम्युनिटी बिल्डर्स' या संस्थेला १० लाख पौंडांना विकली. आज तिथे सहकारी तत्त्वावरची घरं आहेत, बाग आहे, आणि दुकानांचं व रेस्टॉरंटचं भाडं संस्थेच्या कामाला लागतं. सरकारची जमीन, खासगी धंद्याचं भाडं, पण मालकी स्थानिकांच्या संस्थेची! दोन्ही ठिकाणं एकाच शहरातली. फरक फक्त किल्ल्या कोणाकडे, एवढाच.

मी आयटीवाला. आमच्या धंद्यात वापरणाऱ्याला न विचारता सिस्टिम बांधली आणि शेवटी फक्त सही करायला बोलावलं, की तो प्रोजेक्ट बुडालाच म्हणून समजा. वस्ती सुधारणेच्या सभांमध्ये मला हेच दिसतं. मी आमच्या भागातल्या सभांना जातो. सभा मंगळवारी दुपारी दोन वाजता, म्हणजे नोकरी करणारा माणूस आपोआप बाद. हातात ऐंशी पानी अहवाल, आणि चर्चेला वीस मिनिटं. तरीही चर्चचे स्वयंसेवक येतात, मशिदीचे विश्वस्त येतात, गुरुद्वाराची माणसं येतात. मराठी माणूस? शोधून सापडत नाही.

"आमची वस्ती कुठे गरीब आहे?" असं कोणी म्हणेल. अहो, दरवर्षी येणारी आपली विद्यार्थी मुलं स्वस्त भाड्यासाठी कुठे राहतात, ते एकदा बघून या. "आमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट नाही," ही दुसरी सबब. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला कौन्सिलच्याच नव्हे, पार्लमेंटच्या निवडणुकीतही मतदान करता येतं. फक्त नाव नोंदवावं लागतं. किती जणांनी नोंदवलंय?

बरं, हे काम आपल्याला परकं तरी कुठे आहे? २००६ पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवू लागली. २००८ मध्ये कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने त्याच महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम हाती घेतलं. शाळेची पायरी न चढलेल्या कित्येक बायका महापालिकेशी करार करणाऱ्या संस्थेच्या सभासद होतात, आणि आपण परदेशी पदव्या भिंतीवर टांगून "कौन्सिल बघून घेईल" म्हणतो!

ही वेळ महत्त्वाची आहे. २०२५ मध्ये लेबर सरकारने 'प्राइड इन प्लेस' योजना जाहीर केली. निवडलेल्या प्रत्येक ठिकाणाला दहा वर्षांत २ कोटी पौंडांपर्यंत निधी, आणि तो कसा खर्चायचा हे ठरवायला स्थानिक लोकांचा समावेश असलेलं 'नेबरहुड बोर्ड'. या बोर्डांवरच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर त्यावर बिल्डरचे सल्लागार बसतील, आणि मग तक्रार करायला आपल्याला तोंड राहणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मंडळाच्या कार्यकारिणीत नाटक आणि भोजन समितीच्या जोडीला स्थानिक कामासाठी एक जबाबदार सभासद असावा. त्याने कौन्सिलच्या सभांना जावं, सभा संध्याकाळी घ्या म्हणून लेखी मागणी करावी, आणि तिथे काय ठरलं ते मंडळाला सांगावं. गणेशोत्सवात प्रसादाच्या टेबलाशेजारी मतदार नोंदणीचं टेबल असावं.

ज्या रस्त्यावर आपली मुलं सायकल शिकतात, तो रस्ता आपलाच. गाव करी ते राव न करी म्हणतात, पण त्यासाठी आधी आपण या गावचे आहोत हे मान्य करायला हवं.