बिचारा म्हणू नका

परवा साताऱ्याला बहिणीकडे घरगुती कार्यक्रमाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर गप्पा रंगल्या आणि विषय बहिणीच्या नातवावर आला. पोरगा २७ वर्षांचा, मध्यमगती गोलंदाज. सकाळी लहान मुलांना क्रिकेट शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी ज्या क्लबचा निरोप येईल तिकडे खेळायला जातो. सातारा, कराड, मिरज, सांगली, सगळीकडे खेळून झालं. आमचे एक भाचेजावई म्हणाले, "बिचाऱ्याची पंधरा वर्षं फुकट गेली. साधी रणजीसुद्धा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरगा तिथेच ताटं उचलत होता. त्याने ऐकलं आणि तो आत निघून गेला. मी तिथे वयाने सर्वांत मोठा, पण मीही गप्प बसलो. ते चार दिवस सलतंय, म्हणून हे लिहितोय. ती सगळी मंडळी हा ब्लॉग वाचतात. वाचावाच त्यांनी.

आता भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगतो. शेजारच्या कोल्हापूरचे. जन्म १९१९चा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. आठ तासांहून जास्त वेळ फलंदाजी! कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर आला होता. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला. आपल्याविरुद्ध असा विक्रम नको म्हणून, असं सांगतात. विक्रम राहिला. पुढे भाऊसाहेबांना एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही.

त्यांच्याविषयी कुठेही वाचा, त्या नऊ धावा आणि न मिळालेली कसोटी! शेवटी एक सुस्कारा. केलेल्या ४४३ राहिल्या बाजूला, न केलेल्या नऊंचीच उजळणी. अहो, ९६ गुण मिळवून आलेल्या मुलाला "चार कुठे गेले?" म्हणून विचारणाऱ्या पालकांना मी जन्मभर तोंड दिलंय. हा तोच प्रकार नाही का?

कसोटी सोडून बाकीचं पाहा. भाऊसाहेब १९३९-४० पासून १९६४-६५ पर्यंत प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले. महाराष्ट्र, बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा संघांकडून. जिथे गेले तिथे धावा केल्या, गरज पडली तर गोलंदाजी केली, यष्टिरक्षणही केलं. ४८०० हून जास्त धावा, सरासरी ४७ च्या पुढे, बारा शतकं. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वांत मोठी खेळी आजही तीच ४४३ची आहे. २००२ साली क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू पुरस्कार दिला. २०१२ मध्ये ते गेले. या माणसाला बिचारा म्हणायचं?

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये असे पुष्कळ स्ट्रायकर असतात, पंधरा-वीस वर्षांत दहा-बारा क्लब बदलणारे. त्यांना जर्नीमन म्हणतात. मला वाटायचं, प्रवास करतो म्हणून जर्नीमन. पण शब्दाचं मूळ फ्रेंचमधल्या 'दिवस' या शब्दात आहे. जर्नीमन म्हणजे उमेदवारी संपवून रोजावर काम करणारा कसबी कारागीर. आपल्याकडचा गवंडी किंवा सुतार म्हणा ना. स्टीव्ह क्लॅरिज हा असाच एक. व्यावसायिक फुटबॉलचे हजार सामने खेळला, इंग्लंडकडून एकही नाही. १९९६ मध्ये वेम्ब्लीवर शेवटच्या क्षणी गोल करून त्याने लेस्टरला वरच्या श्रेणीत नेलं.

सांगलीत जन्मलेले विजय हजारे, एका शिक्षकाचा मुलगा, ३० कसोटी खेळले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. त्यांचा अभिमान मलाही आहे. पण हजारे घडतात ते रोज समोर चांगलं खेळणारी माणसं असतात म्हणून. देशाच्या संघात जागा अकरा. बाकीचे सगळे फुकट गेले म्हटलं तर मैदानात उरेल कोण?

भाचेजावई म्हणतील, "मामा, पोटाचं काय?" तो प्रश्न खरा आहे. त्याला पेन्शन नाही, उद्या गुडघा गेला तर कमाईही नाही. आईवडिलांची काळजी मला समजते. मग तेच विचारा ना! महिन्याला किती मिळतात, विमा काढलाय का, पुढे प्रशिक्षकाची परीक्षा देणार का? हे प्रश्न त्याला कामाचा माणूस समजून विचारलेले असतील. "रणजी खेळलास का?" याने त्याचं पोट भरत नाही, फक्त मान खाली जाते.

चूक माझीही आहे. शाळेत असताना क्रीडादिनाला पहिल्या तिघांचीच नावं मी फळ्यावर लिहायचो. चौथा आलेला मुलगा घरी काय सांगत असेल, हे कधी मनात आलं नाही.

काल संध्याकाळी नातवाला फोन केला. म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं रे, चुकलं माझं." तो म्हणाला, "जाऊ द्या आजोबा. रविवारी मिरजेला मॅच आहे, येता का?"

जाणार आहे. सांगलीहून मिरज काही लांब नाही. भाचेजावई, तुम्हीही या.