श्वास मोजूनच लिहूया

रुग्णाचे हृदय ‘अचानक’ बंद पडले, असे वॉर्डात सहज म्हटले जाते. पुरावा वेगळे सांगतो. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे ६४ रुग्ण होते. त्यांपैकी ५४ जणांच्या केसपेपरवर आधीच्या ८ तासांत प्रकृती ढासळल्याची किंवा नव्या तक्रारीची नोंद होती, आणि ४५ जणांचे श्वसन किंवा शुद्धी बिघडलेली दिसली होती. तरीही टीपीआर चार्टवर सर्वांत उपेक्षित रकाना श्वसनाचाच. ताप आणि नाडी बदलत राहतात. श्वसनाखाली मात्र २० चा आकडा ओळीने उतरत जातो. न मोजता लिहिलेला हा २० परिचारिकेच्या निर्णयशक्तीचा पायाच पोखरतो, असे आमचे ठाम मत आहे.

त्याचे कारण शरीराच्या कामकाजात आहे. सेप्सिसमध्ये रक्तातील आम्लता वाढली की ती कमी करण्यासाठी शरीर श्वासाची गती वाढवते. त्या वेळी रक्तदाब ठीकही असू शकतो. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात तरुण स्त्रीचा रक्तदाब बराच रक्तस्राव होईपर्यंत टिकून राहतो. नाडी आणि श्वास त्याआधीच वाढू लागतात. श्वास न मोजल्याची उणीव पल्स ऑक्सिमीटर भरून काढत नाही. मॉर्फिन दिलेल्या आणि ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचा श्वास मिनिटाला ८ वर आला, तरी ऑक्सिजनची पातळी काही काळ उत्तम दिसू शकते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या धोका-गुणांकनात १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला २ आणि २५ पासून पुढे ३. एकाच घटकाला ३ गुण मिळाले तरी रुग्ण तातडीने तपासायला हवा. प्रत्यक्षातल्या २६ च्या जागी सवयीचा २० पडला, की ही सूचनाच पुसली जाते.

एका ड्युटीला चाळीस रुग्ण असताना हे कसे जमायचे, हा आक्षेप खरा आहे. सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष कित्येक वॉर्डांत कागदावरच आहे, आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. तोवर निवड करावी लागेल: शस्त्रक्रियेनंतरचे, तापाचे, ऑक्सिजनवरचे आणि नव्याने गोंधळलेले रुग्ण आधी. श्वास नियमित असेल तर अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावा. अनियमित असेल तर पूर्ण मिनिट द्यावे. दुसरा आक्षेप अनुभवी सिस्टरांचा: रुग्ण पाहताच कळते, आकडा कशाला? अनुभवातून येणारी ही जाण मौल्यवान आहे, आणि परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात तिला तज्ज्ञतेचे स्थान दिले. पण रात्री दोन वाजता फोनवर ‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढेच ऐकून निवासी डॉक्टर उठेलच असे नाही. ‘सहा वाजता १८ होता, आता २८ आहे, आणि मला काळजी वाटते’ हे वाक्य टाळणे त्याला अवघड जाते. निदान डॉक्टरांचे काम, असेही म्हटले जाईल. मान्य, मात्र चोवीस तास खाटेशी आपण असतो, आणि डॉक्टरांचा निर्णय आपल्या नोंदीवर उभा राहतो.

म्हणून प्रत्येक इन्चार्ज सिस्टरला आमची विनंती आहे: हँडओव्हरमध्ये गंभीर रुग्णाचा श्वास किती, कधी मोजला आणि आधीपेक्षा किती बदलला, हे विचारा. विद्यार्थिनींसमोर स्वतः घड्याळ धरून मोजा. मोजता आला नाही, तर रकाना रिकामा ठेवून कारण लिहायची मुभा द्या. रिकामा रकाना पुढच्या ड्युटीला सावध करतो. खोटा २० तिला निर्धास्त करतो.