पेपर जॅम... चूक कुणाची?

तुमच्यापैकी किती जणांनी ऑफिसातल्या प्रिंटरला शिव्या घातल्या आहेत? हात वर करा! सगळे हात वर दिसतायत मला. माझाही आहे.

आधी एक कबुली. पहिली ते दहावी मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने काढल्या असतील तर आभार, आणि राहिल्या असतील तर माफी. हॉस्टेलच्या मैत्रिणी म्हणाल्या, "इंग्लिश सेक्शनला दे ना, तुला सोपं जाईल." पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. का, ते शेवटी कळेल.

प्रसंग गेल्या ऑगस्टमधला. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, बाहेर धो धो पाऊस, आणि बोनाफाईडसाठी ऑफिसच्या खिडकीपासून जिन्यापर्यंत लाइन. आत प्रिंटर दोन पानं काढायचा आणि थांबायचा. पडद्यावर तेच – पेपर जॅम, ट्रे दोन. आपले शिपाई मामा ट्रे ओढायचे, चुरगळलेला कागद काढायचे, ट्रे परत ढकलायचे. पुन्हा दोन पानं, पुन्हा जॅम. माझा नंबर यायला दीड तास लागला. मी तडकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, कागद भरायचं एवढं साधं काम, तेही जमत नाही का?" लाइनीतले चार जण हसले. मामा काही बोलले नाहीत. मी तेवढ्यावर थांबले नाही. तक्रार वहीत लिहिलं, 'शिपाई ट्रेमध्ये कागद नीट भरत नाहीत, त्यामुळे विद्यार्थ्यांचे नुकसान होते,' आणि खाली झोकात सही केली.

पंधरा दिवसांनी कळलं, की मामांना निष्काळजीपणाबद्दल लेखी मेमो मिळाला आणि त्याला जोडलेली तक्रार माझी होती. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेल्या माणसाच्या फायलीत पहिला मेमो, तोही माझ्या सहीने! त्या रात्री मेसची भाजी बरी होती, तरी घशाखाली उतरली नाही.

मी मेकॅनिकलची. तिसऱ्या वर्षाला आहे. फ्रिक्शनवर दहा मार्कांचा प्रश्न पाठ करून लिहिलेला आहे. पण ट्रेमध्ये नक्की काय बिघडलंय, हे बघावं असं मला त्या दीड तासात एकदाही वाटलं नाही. माणसाला दोष देणं जास्त सोपं होतं.

पुढच्या आठवड्यात मी आणि माझी रूममेट आमच्या सरांकडे गेलो. सर, आम्हाला तो ट्रे बघू द्या. सरांनी अट घातली. मेन स्विच बंद करून प्लग काढायचा, फ्युजरच्या बाजूला हात घालायचा नाही. तिथे टोनर वितळवण्यासाठी दोनशे अंशांच्या आसपास तापमान असतं, शिवाय आत हाय व्होल्टेजचे भाग आहेत. ट्रे, त्याचं रबराचं चाक आणि सेन्सर, एवढ्यापुरतीच परवानगी. ही अट योग्यच होती.

आता ट्रे म्हणजे काय, हे जरा सांगते, कारण मलाही आधी तो नुसता प्लास्टिकचा ड्रॉवर वाटायचा. ७५ जीएसएमच्या ए-फोर कागदाचं एक पान पाच ग्रॅमसुद्धा भरत नाही, साधारण ४.७ ग्रॅम. जाडी एक दशांश मिलिमीटर. अशी अडीचशे पानं एकमेकांना चिकटून बसलेली असतात आणि त्यातलं फक्त सगळ्यात वरचं, एकच पान उचलायचं! बोटाला थुंकी लावून नोटा मोजताना आपल्याकडूनही दोन येतात. ट्रे हे काम कसं करतो? खालची पाटी गठ्ठा वर दाबते. वरचं रबरी चाक पान पुढे ओढतं. समोर घर्षणाची एक छोटी पट्टी असते. चाक आणि कागद यांच्यातलं घर्षण सगळ्यात जास्त, पट्टी आणि कागद यांच्यातलं त्याहून कमी, आणि कागद-कागद यांच्यातलं सगळ्यात कमी. ही उतरंड टिकली की वरचं पान चाकाबरोबर जातं आणि त्याला चिकटून आलेल्या दुसऱ्या पानाला पट्टी अडवते. उतरंड बिघडली, की एक तर पान येतच नाही किंवा दोन-तीन एकदम येतात. पुढे सेन्सरची बारीक जीभ असते. ठरलेल्या वेळात कागदाची कड तिथे पोचली नाही, की मशीन 'जॅम' म्हणून ओरडतं. म्हणजे प्रत्येक वेळी कागद फसलेलाच असतो असं नाही, नुसता उशिरा आलेला असतो. आपल्या अटेंडन्ससारखंच!

मग आम्ही टेस्टिंग सुरू केलं. पहिलं काम – दोष ट्रेचा की मशीनचा? समोरच्या मॅन्युअल फीडमधून पन्नास पानं सोडली. एकही अडकलं नाही. लायब्ररीत त्याच मॉडेलचा प्रिंटर आहे. तिथला ट्रे इथे लावला आणि इथला तिथे. ऑफिसातलं जॅम होणं कमी झालं, आणि लायब्ररीतला चांगला चालणारा प्रिंटर पान फसवायला लागला! दोष ट्रेबरोबर चालत गेला. पण इथलं जॅम पूर्ण थांबलं नव्हतं, म्हणजे दुसरंही काहीतरी होतं. मशीनमधलं कागद उचलणारं चाक काढून पाहिलं, तर ते काचेसारखं गुळगुळीत. कागदात कॅल्शियम कार्बोनेटची पूड घातलेली असते. तिची धूळ रबरावर बसत जाते आणि पकड जाते. रूममेट लॅबमधलं थिनर आणायला निघाली होती. सरांनी वेळेत थांबवलं, कारण थिनरने रबर फुगतं. पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने चाक पुसलं, वाळू दिलं. कापड काळं झालं आणि चाकाला पकड आली.

आता ट्रे. तो टेबलावर उलटा-सुलटा करून आम्ही तासभर बघत होतो. शेवटी मामा चहाचे कप गोळा करायला आले आणि दारातूनच म्हणाले, "मागचा टेकू बघा. त्याचा दात तुटलाय. कागद मागे सरकतो." आम्ही बघितलं. खरंच! कागदाच्या मागे जी सरकती आडकाठी असते, तिचं लॉक तुटलं होतं. ट्रे जोरात ढकलला की ती अर्धा इंच मागे जायची, गठ्ठा तिच्यामागे सरकायचा आणि चाकाला कागदाची कड सापडायची नाही.

"मामा, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"होळीपासून. मी पुठ्ठ्याची घडी करून मागे लावली होती. चालत होतं चार महिने. मग तो एजन्सीचा माणूस आला, त्याने कचरा म्हणून पुठ्ठा काढून फेकला. म्हणाला, मशीन जुनं झालं, नवीन घ्या."

"तुम्ही ऑफिसला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. शिपायाचं कोण ऐकतं, ताई?"

बघा, म्हणजे रोग ओळखणारा, त्यावर उपाय करणारा आणि तो उपाय चार महिने चालवून दाखवणारा माणूस आपल्याकडे होता. त्यालाच आपण मेमो दिला. आणि तक्रार करणारी इंजिनिअर होणार आहे म्हणे!

टेकू वर्कशॉपमध्ये दुरुस्त झाला. आतून ॲल्युमिनियमची पट्टी बसवली आणि ए-फोरच्या खुणेवर स्क्रूने पक्का केला. खर्च म्हणावा तर वर्कशॉपमधल्या भंगाराचा. पुन्हा पन्नास पानं सोडली. चार अडकली. आता काय राहिलं? याचं उत्तर रूममेटच्या आजोबांनी फोनवर दिलं. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "कागद ठेवता कुठे?" रीम खिडकीखाली, फोडून, उघड्यावर! पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो. त्याचे तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, पण रुंदीत फुगतात. त्यामुळे कागद एका बाजूला वळतो आणि त्याचे कोपरे उठतात. ट्रेमध्ये असा बाक आलेला कागद म्हणजे जॅमला आमंत्रण. आम्ही रीम लोखंडी कपाटात हलवली, लागेल तेवढीच फोडायची असं ठरवलं, भरताना गठ्ठा हातात पिसून घ्यायचा आणि ट्रेमधल्या खुणेच्या वर भरायचा नाही. त्यानंतरच्या पन्नास पानांत एकही जॅम नाही. पुढच्या पन्नासातही नाही.

आजोबांचं ऐकताना मला माझीच लाज वाटली. मी ज्या शहरात शिकते, त्या शहराला कागदाची केवढी जाण आहे! नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाला आणि करन्सी नोट प्रेस १९२८ साली. पोस्टाची तिकिटं, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट, नोटा... शंभर वर्षं इथली माणसं कागद हाताळतायत. आणि आपण त्याच गावात एका ट्रेसाठी अख्खा प्रिंटर भंगारात काढायला निघालो होतो.

पेपर जॅम ही क्षुल्लक गोष्ट आहे असं वाटणाऱ्यांना एक किस्सा सांगते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या एआय लॅबला झेरॉक्स कंपनीकडून लेझर प्रिंटर मिळाला होता. तो वारंवार जॅम व्हायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने आधीच्या प्रिंटरसाठी एक सोय केली होती. कागद अडकला की ज्यांची कामं खोळंबलीत त्यांना कॉम्प्युटरवर निरोप जायचा. नव्या प्रिंटरलाही तेच करायचं, तर त्याचा सोर्स कोड हवा. तो मागायला स्टॉलमन दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे गेला, पण त्याने गुप्ततेचा करार केलेला होता, म्हणून नकार मिळाला. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमनने जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि आपण लॅबमध्ये लिनक्सवर जे जीसीसी वापरतो, ते त्याच प्रकल्पातून आलं. त्या नकाराने आपल्याला पहिला धडा दिला, असं तो स्वतः सांगतो. जी वस्तू आपण वापरतो, ती उघडून बघायचा आणि दुरुस्त करायचा हक्क आपला आहे की नाही, हा प्रश्न एका अडकलेल्या कागदाने विचारला होता!

आपल्याकडेही हा प्रश्न आता सरकारदरबारी पोचला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरही येतात. म्हणजे जुना प्रिंटर सहज भंगारवाल्याला देऊन मोकळं होता येत नाही. मग आधी दुरुस्तीच का करू नये?

काही जण म्हणतील, मुलांनी ऑफिसची मशीन उघडायची म्हणजे वॉरंटी जाणार, शॉक लागणार, नुकसान झालं तर भरणार कोण? मुद्दा खरा आहे. वॉरंटीतलं मशीन उघडूच नये. पण ट्रे काढणं, टेकू बसवणं, चाक पुसणं, कागद कोरडा ठेवणं हे वापरणाऱ्यानेच करायचं काम आहे. त्यासाठी कुणी एजन्सीची वाट बघत बसू नये. म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक प्रिंटरजवळ एक वही असावी. कधी, कोणत्या ट्रेमधून, किती पानांनंतर जॅम झाला आणि कागद कुठे थांबला हे तिच्यात लिहावं, म्हणजे अंदाजाने कुणावर दोष ढकलायची वेळ येणार नाही. दुसरं, मशीन निकामी ठरवण्याआधी वर्कशॉपच्या एका सरांनी आणि दोन विद्यार्थ्यांनी ते तपासावं. आपल्यालाही सबमिशनच्या ड्रॉइंगपलीकडचं काहीतरी शिकायला मिळेल. आणि तिसरी सूचना सगळ्यात महत्त्वाची – जो माणूस ती वस्तू रोज हाताळतो, त्याला पहिल्यांदा विचारावं आणि तो जे सांगेल ते त्याच्या नावाने वहीत लिहावं.

एक गोष्ट अजून बाकी आहे. तक्रार वहीत माझ्या तक्रारीच्या खाली मी दुसरी नोंद केली आहे. 'वरील तक्रार चुकीची होती. दोष ट्रेच्या तुटलेल्या टेकूचा, घासलेल्या चाकाचा आणि ओल्या कागदाचा होता. शिपाई मामांनी तो सर्वांच्या आधी ओळखला होता.' खाली सही केली आहे, पण या वेळी झोकात नाही. मात्र वहीतल्या नोंदीने फायलीतला मेमो निघत नाही. तो मागे घ्यावा, ही ऑफिसला माझी जाहीर विनंती आहे. प्रिंटर दुरुस्त झाला, आता एवढी दुरुस्ती राहिली आहे.

आणि मराठीतच का लिहिलं? कारण मॅगझिन आलं की मामा दुपारी जिन्यावर बसून त्यातला मराठी विभाग पहिल्या पानापासून वाचतात. मामा, त्या दिवशी लाइनीत सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागते. चुकलं माझं.