निश्चय आणि इलाज

मद्यपी माणसाच्या घरी सल्ला देणारांची वाण कधीच पडत नाही. कोणी म्हणतो, त्याला पंढरीला नेऊन गळ्यात माळ घाला. कोणी म्हणतो, आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घ्यायला लावा. अविवाहित असेल तर लग्न लावून द्या, संसाराची जबाबदारी पडली की आपोआप ताळ्यावर येईल, असे सांगणारे वडीलधारे तर घरोघर आढळतात, आणि त्या सल्ल्यापायी एका परक्या मुलीच्या जन्माचे मातेरे होते याची खंत बाळगणारे त्यांत फारच थोडे. या सर्व सल्ल्यांच्या मुळाशी एकच प्रमेय आहे: व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा, दृढनिश्चय हाच त्याचा इलाज, आणि डॉक्टर, औषधे, रुग्णालये ही निश्चय नसलेल्यांची पळवाट. हे प्रमेय निव्वळ चुकीचे असते तर त्याची उपेक्षा करून भागले असते. परंतु त्यापायी माणसे प्राणांस मुकतात, म्हणून त्याचे खंडन करणे प्राप्त आहे.

वर्षानुवर्षे रोज भरपूर मद्य पिणाऱ्याच्या मेंदूने त्या गुंगीशी जमवून घेण्यासाठी आपली उत्तेजकता वाढवून ठेवलेली असते, आणि मद्य एकाएकी बंद झाले की ती मोकाट सुटते. असा माणूस एके दिवशी मुलांची शपथ घेऊन घरीच दारू सोडतो, तेव्हा पुढे काय घडते ते पाहावे. चहाची बशी ओठांपर्यंत नेताना अर्धा चहा सदऱ्यावर सांडतो, अंथरूण घामाने भिजते, डोळ्याला डोळा लागत नाही. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भिंतीवर किडे चालताना दिसतात, दाराआड माणसे बोलत असल्याचा भास होतो, दिवस कोणता आणि घर कोणाचे याचेही भान सुटते. घरातले कोणी म्हणते ‘ढोंग करतोय’, कोणी म्हणते ‘बाहेरचं काही लागलं असेल’. वैद्यकशास्त्र या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणते, आणि वेळेवर इलाज न झाल्यास तीत माणूस दगावतो. तोच माणूस रुग्णालयात असता, तर उतरत्या मात्रेने दिलेली शामक औषधे, थायामिनची इंजेक्शने आणि नाडी-रक्तदाबावरील नजर एवढ्या बंदोबस्ताने बहुधा सुखरूप पार पडला असता. म्हणजे निश्चय मोडणाऱ्याला नव्हे, तर तो प्रामाणिकपणे पाळणाऱ्यालाच त्या चार दिवसांत डॉक्टरची सर्वांत अधिक गरज असते.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती करून विकल्या जाणाऱ्या पुड्यांची गोष्ट याहून वाईट. त्या पुड्यांत काय असते याचा दाखला कोणी देत नाही. दारू सोडविण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे खरे औषध आहे. परंतु ते घेतल्यावर मद्याचा घोट पोटात गेला तर चेहरा तांबडा होतो, ओकाऱ्या सुटतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि क्वचित प्राणही जातो. म्हणूनच ते रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यावयाचे असते. पत्नीने आमटीत चोरून कालवावयाची ती वस्तू नव्हे.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना जाऊन, डॉक्टरचे तोंडही न पाहता, हजारो लोक सावरले आहेत, हा आक्षेप मात्र आदराने ऐकण्याजोगा आहे. या चळवळीबद्दल आम्हांला नितांत आदर वाटतो. पण तिचा इतिहास काय सांगतो? १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे ती ज्या दोघांनी सुरू केली, त्यांतील एक स्वतः शल्यवैद्य होता. आणि दुसऱ्याची दारू कायमची सुटली ती डिसेंबर १९३४ मध्ये, न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात डॉ. सिल्कवर्थ यांच्या देखरेखीखाली. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या या चळवळीच्या ग्रंथाच्या आरंभी या डॉक्टरांचेच मत छापलेले आहे. सोबत्यांचा आधार आणि वैद्याचा इलाज यांत वैर मानणे हे त्या संस्थापकांनाही मान्य झाले नसते.

‘उपचार घेऊन आला आणि महिन्यात पुन्हा प्यायला लागला, मग पैसे पाण्यातच गेले की नाही?’ असे विचारणारे मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून इन्सुलिनला दोष देत नाहीत. व्यसनाधीनता हा त्याच जातीचा, उलटण्याची खोड असलेला दीर्घकालीन विकार आहे, आणि पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने तो तसाच मानून काम केले. अनिल अवचट यांचे गर्द या अमली पदार्थावरील लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि १९८६ साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याला हे केंद्र उभे केले. तेथे शरीरावरील औषधोपचाराइतकेच वजन समुपदेशनाला, कुटुंबीयांच्या सभांना आणि घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याला आहे. व्यसनातून सावरलेली माणसेच तेथे समुपदेशक म्हणूनही उभी राहतात. जो पुन्हा पिऊन परततो त्याला हाकलणे हा उपचार नव्हे, हे या केंद्राने महाराष्ट्राला शिकविले.

व्यसनमुक्ती केंद्राच्या नावाखाली कोंडवाडे चालविणारेही आहेत, ही तक्रार खरी आहे, आणि त्यांची बाजू आम्ही घेणार नाही. तेथे मारहाण होते, साखळ्या घातल्या जातात, भेटीस मज्जाव असतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक विकारांना लागू आहे. तो साखळदंडास सक्त मनाई करतो, संस्थेची नोंदणी आवश्यक ठरवितो आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा मिळावा असे फर्मावितो. म्हणून दाखल करण्यापूर्वी नोंदणीचा दाखला मागावा, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात हे विचारावे, रात्री फिट आली तर कोण धावून येईल याची चौकशी करावी, राहण्याच्या खोल्या स्वतः पाहाव्यात. ‘आतले दाखवता येणार नाही’ असे उत्तर मिळाल्यास तेथून परत फिरावे. पोलिसांच्या धास्तीने गर्दुल्ल्या मुलाला लपविणाऱ्या पालकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेऊन तो पुरा करील, तर त्याला खटल्यापासून सूट देण्याची तजवीज १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, आहे.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील मद्यावलंबी अडतीस जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाली होती, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले ते एकशे ऐंशींमागे एकाला. उरलेल्यांच्या घरी शपथा, माळा आणि पुड्या चालू आहेत. आपल्या घरात असा कोणी असेल तर पुढच्या शपथेची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात त्याला घेऊन जावे. ते जमेपर्यंत निदान व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीला १४४४६ या क्रमांकावर अथवा टेली-मानसला १४४१६ वर आजच फोन करावा.