कार्यक्रम तरेल, केंद्रांचे काय?

सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे १.१ अब्ज डॉलरचे अनुदान परत घेण्याचा अमेरिकी काँग्रेसचा जुलै २०२५ मधील निर्णय चुकीचाच आहे, असे आमचे मत आहे. एमी गुडमन यांच्या ‘डेमोक्रसी नाऊ’ या वृत्तकार्यक्रमाला त्याची थेट झळ नाही. १९९६ मध्ये पॅसिफिका या रेडिओ नेटवर्कवर सुरू झालेला हा पुरोगामी कार्यक्रम तिथल्या अंतर्गत संघर्षानंतर २००२ मध्ये स्वतंत्र झाला. सरकारी पैसा, जाहिराती तो घेतच नाही. मालकांशी झालेले भांडण असेही पथ्यावर पडते!

मात्र तो ऐकवणाऱ्या छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रांना एवढे सोवळे परवडत नाही. ग्रामीण भागात तर अनेकांचा कारभार याच अनुदानावर चाले. ती बंद पडली, तर पुरोगामी चर्चेबरोबर वादळाची पूर्वसूचनाही थांबेल. काँग्रेसने निदान या केंद्रांचे अनुदान विनाविलंब पूर्ववत करावे.