ट्रॅकर अडवा, पण घरच्यांवर पाळत नको

टीव्ही, चार फोन, बोलणारा स्पीकर, दारावरचा कॅमेरा. परळ-लालबागच्या दोन खोल्यांच्या घरातही आता इतकी उपकरणं एका राउटरवर चालतात आणि त्यातली बरीचशी आपली माहिती गुपचूप बाहेर पाठवतात. ‘मदरबोर्ड’ने नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेली बातमी आठवा. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणाऱ्या ‘मुस्लिम प्रो’ अ‍ॅपमधून लोकांचं लोकेशन ‘एक्स-मोड’ या कंपनीकडे जात होतं आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमीनंतर अ‍ॅपने ते संबंध तोडल्याचं जाहीर केलं.

म्हणून मी मित्रांना ‘पाय-होल’ बसवायला सांगतो. हे मोफत सॉफ्टवेअर ‘रास्पबेरी पाय’ या पत्त्यांच्या कॅटाएवढ्या संगणकावर चालतं. कुठलंही उपकरण सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचा पत्ता विचारतं, यालाच डीएनएस म्हणतात. विचारलेलं नाव ट्रॅकरच्या यादीत असेल, तर पाय-होल खरा पत्ता देतच नाही. यूट्यूबच्या जाहिराती त्याने थांबत नाहीत आणि घराबाहेर मोबाइल डेटावर ते कामी येत नाही. तरी टीव्हीची बरीच चुगलखोरी बंद होते.

मात्र याच पाय-होलमध्ये एक नोंदवही असते. कोणत्या फोनने, किती वाजता, कोणत्या साइटचं नाव विचारलं, हे सगळं त्यात दिसतं. नेमकं पान दिसत नाही, पण नाव पुरेसं असतं. बहिणीने महिला हेल्पलाइनची साइट उघडली, वहिनीने घटस्फोटाच्या कायद्याची माहिती शोधली, धाकट्याने डॉक्टरांना विचारायला लाज वाटणारा प्रश्न शोधला, तर ते पाय-होलचा पासवर्ड असणाऱ्याला कळतं. आपल्याकडे तो पासवर्ड बहुधा भावाकडे नाही तर नवऱ्याकडे असतो. एका मित्राने मला विचारलंच, “बहीण काय बघते, तेही दिसेल ना?” मी नोंदवही बंद करूनच त्याला यंत्र दिलं.

“एवढ्याशा घरात कसली प्रायव्हसी?” असं कुणी म्हणेल. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत अख्खी कुटुंबं राहिली आहेत. पण जागा नसते म्हणूनच फोनचा पडदा ही कित्येक मुलींची पहिली स्वतःची खोली ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. तो हक्क व्यक्तीचा आहे, कुटुंबप्रमुखाचा नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना न्यायालयाचा दाखला पुरत नसेल, तर सूरह अल-हुजुरातची बारावी आयत दाखवा. तिथे ‘तजस्सुस’, म्हणजे दुसऱ्याच्या मागावर राहणं, स्पष्ट मना केलं आहे.

तेव्हा पाय-होल जरूर बसवा. पण आधी घरातल्या प्रत्येकाला ते काय करतं ते सांगा. सेटिंगमध्ये प्रायव्हसीची सर्वांत वरची पातळी निवडा, म्हणजे फक्त एकूण आकडे दिसतील. जुन्या नोंदी पुसून टाका. आणि पासवर्ड घरातल्या एका बाईकडेही असू द्या. कंपनीने पाळत ठेवली की आपल्याला राग येतो. तीच पाळत भावाने ठेवली, तर ती काळजी कशी होईल?