तपासणीला मे महिन्यात या

आमच्या ओटीवर एक चौकट टांगलेली आहे. हिरवं पान, खाली सोनेरी अक्षरं आणि एका संस्थेचा शिक्का: हे घर पर्यावरणस्नेही आहे. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टात तपासणीला दोघं जण आले होते. चांगली मुलं होती, मन लावून काम करत होती. दिवे एलईडीचे आहेत का, ओला-सुका कचरा वेगळा ठेवता का, जेवणात गावचं धान्य वापरता का, असं सगळं विचारून त्यांनी फॉर्मवर खुणा केल्या. पाण्याच्या रकान्यात ‘विहीर’ असं लिहिलं. विहीर बघायलाही गेली. ती काठोकाठ भरलेली होती, कारण ऑगस्टात आमच्याकडे कड्याकड्यावरून पाणी कोसळत असतं. फोटो काढून मुलं परत गेली.

मी अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर मुलानं आणि सुनेनं घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. आज घर त्यावर चालतं, हे आधीच सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं बिऱ्हाड बांधून नारायणगावला मजुरीला जायची आणि माझा वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. आता काही घरं तरी गावात थांबतात, ती पाहुण्यांच्या जिवावर. त्यामुळे पर्यटक नकोत असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मला फक्त मोजमाप खरं हवं आहे.

विहिरीच्या कठड्याला सासऱ्यांच्या वेळची एक बांबूची काठी टेकवलेली असते. तिच्यावर विताविताच्या अंतरावर कोयत्यानं खाचा पाडल्या आहेत. चौथीच्या मुलांना घेऊन मी दर सोमवारी ती काठी विहिरीत सोडायची आणि ओल कुठवर आली ते वहीत मांडून घ्यायची. गणिताचा तास विहिरीवरच व्हायचा. ती सवय मला अजून आहे. जुलैत काठी अख्खी बुडते. मे महिन्याच्या शेवटी ती दुसऱ्या खाचेपर्यंत कशीबशी ओली होते आणि टोकाला गाळ लागून येतो.

त्या दिवसांत पहाटे चारला सून विहिरीत उतरते. तळाशी, ईशान्येच्या कोपऱ्यात काळ्या कातळाला एक भेग आहे. तिच्यातून पाणी झिरपतं आणि वाटीएवढ्या खळग्यात साचतं. ती ते पेल्यानं हंड्यात भरते. एक हंडा भरायला पाव तास लागतो. वर दोर धरून शेजारची बाई उभी असते, तिच्यामागे आणखी चार जणी. मुळा नदी याच डोंगरात उगम पावते. तिचं पाणी खाली राहुरीजवळच्या धरणात साठतं, पण आमचा कातळ काही धरून ठेवत नाही. इतका पाऊस पडूनही मेमध्ये ही गत असते.

आणि नेमके तेव्हाच काजवे येतात. मे संपता संपता, पहिल्या सरींच्या आसपास, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं रात्री लुकलुकायला लागतात. ते बघायला मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्यांची रांग लागते. काजव्याचा नर उजेडाच्या खुणेनं मादीला साद घालतो आणि मादी तशीच खूण करून ओ देते. गाडीचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या मध्ये आल्या की ही सादच पोचत नाही. शनिवारी रात्री गावात गावकऱ्यांपेक्षा पाहुणेच जास्त असतात.

हिशेब करून बघा. जलजीवन मिशननं गावातल्या माणसाला रोज 55 लिटर पाणी धरलं आहे, म्हणजे जेमतेम चार हंडे. मे महिन्यात तेवढंही मिळत नाही. पाहुण्याची आंघोळ, संडास, भांडी, चादरी धरून आमच्या घरचा अनुभव माणशी आठ हंड्यांचा आहे. दोन खोल्या आणि अंगण मिळून बारा पाहुणे राहिले की शहाण्णव हंडे. पाव तासाला एक हंडा, म्हणजे त्या भेगेनं पूर्ण चोवीस तास आमच्याच पाहुण्यांसाठी झिरपायचं. तसं होत नाही, आम्ही टँकर मागवतो. पण फॉर्मवर टँकरचा रकानाच नव्हता.

मोजमाप चुकलं की काय होतं याचा दाखला एव्हरेस्टवर आहे. नेपाळनं 2014 मध्ये नियम केला: प्रत्येक गिर्यारोहकानं 8 किलो कचरा खाली आणायचा आणि मोहिमेनं 4,000 डॉलरची अनामत ठेवायची. वजन भरायला खालच्या कॅम्पांवरचा कचराही चालायचा. त्यामुळे अनामत परत मिळायची, पण सगळ्यात वरच्या कॅम्पवरचे फाटके तंबू तिथेच राहायचे. आणि 2018 च्या मे महिन्यात शिमल्याचे नळ कोरडे पडले, तेव्हा पर्यटकांनी येऊ नये अशी विनवणी खुद्द तिथल्याच लोकांनी केली. तिथल्या एखाद्या हॉटेलात ‘टॉवेल पुन्हा वापरा’ अशी पाटी असेलही. पाणी मात्र अख्ख्या शहराचं संपलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की प्रमाणपत्र घराला देऊ नये, खोऱ्याला द्यावं. ‘जागतिक शाश्वत पर्यटन परिषदे’नं हॉटेलांसाठी वेगळे आणि संपूर्ण पर्यटनस्थळासाठी वेगळे निकष केलेले आहेत. आपल्या केंद्र सरकारनेही 2014 मध्ये निकष ठरवले. कागद तयार आहेत. पण आमच्यापर्यंत जे पोचतं ते एका घराचं असतं आणि त्याची फी भरते तेच घर. ज्याच्याकडून फी घ्यायची त्याला नापास करणं कुणाच्याही जिवावर येतं. विहीर मात्र दहा घरांची आहे आणि मी एकटीनं बादल्या कमी करून तिचं पाणी वाढत नाही.

काठीवरच्या खाचेला पाहुण्यांची संख्या बांधून द्या. पाचव्या खाचेला इतके पाहुणे, तिसऱ्या खाचेला त्याच्या निम्मे, दुसऱ्या खाचेला गावात मुक्काम बंद. मग दिवसा या, फिरा, जेवा आणि परत जा. संख्या बांधता येते. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत दिवसाला 3,000 लोकांची मर्यादा घातली आहे. रोहतांगला हरित लवादानं दिवसाला 1,200 गाड्या ठरवून दिल्या. आमच्याकडे तर वहीसुद्धा तयार आहे. काठी रोज कुणी मोजायची, तर पाणी शेंदणाऱ्या बायांनी, आणि त्याचा मोबदला त्यांना प्रवेश शुल्कातून मिळावा. आकडा वेशीवरच्या फळ्यावर खडूनं लिहावा, म्हणजे गाडीतून उतरणाऱ्यालाही तो दिसेल.

गेल्या जूनच्या पहिल्या शनिवारी काठी दुसऱ्या खाचेवर होती. सुनेनं दोन खोल्यांची नोंदणी रद्द करून पैसे परत केले. शेजारच्या घरानं तेच पाहुणे ठेवून घेतले, टँकर आणून. मी त्यांना दोष देत नाही; त्यांच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती.

प्रमाणपत्राची मुदत यंदा संपते, पुन्हा तपासणी होईल. मी संस्थेला पत्र लिहिलं आहे: ऑगस्टात येऊ नका, मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी या. मुक्काम आमच्याकडेच करा. पहाटे चारला सुनेबरोबर विहिरीवर जाऊ, काठी तिथेच असते.